डोकं धुणे प्रकल्प: घरच्या नोंदी

३ मार्च

आजपासून ह्या कामाच्या नोंदी ठेवतेय, कारण डोकं धुवून झालं की आम्ही दोघीही इतक्या दमलेल्या असतो की काय जमलं काय नाही ते दुसऱ्या दिवशी आठवतच नाही. लेक साडेतीन वर्षांची. पाण्याशी तिचं काही वाकडं नाही, अंघोळीतून बाहेर काढायला विनवण्या कराव्या लागतात, पण "आज केस धुवायचेत हं" एवढं कानावर पडलं की ती पलंगाखाली. ताईचा मुलगा पाच वर्षांचा, दाट कुरळे केस, त्याचंही तेच, फक्त तो पळत नाही, अंग ताठ करून दात आवळून उभा राहतो आणि ते मला रडण्यापेक्षा जास्त लागतं. तर हे काम दोघांसाठी.

काय साधायचंय ते आधीच लिहिते. मूल गप्प बसलं म्हणजे जमलं असं धरायचं नाही, कारण घट्ट धरून पटकन उरकलं तरी मूल गप्प बसतं आणि पुढच्या वेळी दुप्पट घाबरतं. मला हवंय ते असं की पुढे काय होणार ते तिला माहीत असावं आणि नको झालं तर थांबवता यावं. केस किती स्वच्छ निघाले हे दोन नंबरवर.

६ मार्च

आज काहीच बदललं नाही, फक्त नीट बघितलं की रडणं नेमकं कुठे सुरू होतं. शॅम्पू लावताना नाही, चोळताना तर मुळीच नाही, उलट फेसाची शिंगं करून मागितली. रडणं सुरू झालं ते माझा हात तिच्या मानेमागे गेला आणि मी डोकं मागे झुकवायला लागले तेव्हा, म्हणजे पाण्याचा थेंबही पडायच्या आधी! पायाची बोटं आत वळली, एका हाताने टबाची कड धरली, दुसऱ्याने माझी बाही, आणि म्हणाली "आई, मी पडेन". मी आजवर "डोळ्यात जाणार नाही गं" असंच समजावत आलेय आणि ती मुळात डोळ्यांबद्दल बोलतच नव्हती.

ह्यावर वाचलेलं थोडक्यात लिहून ठेवते. तोल कळतो तो तीन ठिकाणांहून: कानाच्या आतलं तोलाचं इंद्रिय, डोळे, आणि पाय-पाठ-स्नायूंना लागणारा आधार. डोकं धुताना आपण मुलाला डोळे मिटायला सांगतो, पाय बऱ्याचदा ओल्या निसरड्या टबात असतात, आणि वर डोकं मागे टाकतो, म्हणजे दोन आधार काढून घेतले आणि उरला फक्त आतला कान, तो सांगतोय की आपण मागे पडतोय. काही मुलांना हे फारच जाणवतं. जीन एअर्स नावाच्या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या) होत्या, सेन्सरी इंटिग्रेशनचा, म्हणजे इंद्रियांकडून आलेलं सगळं मेंदू एकत्र कसं जुळवतो ह्याचा विचार त्यांनीच मांडला, त्यांनी ह्या पडण्याच्या भीतीला ग्रॅव्हिटेशनल इनसिक्युरिटी म्हटलंय. लेकीला काही झालंय असं म्हणायचं नाहीये मला, झोपाळ्यावर मजेत बसते ती, पण आपण होऊन मागे झुकणं वेगळं आणि दुसऱ्याने झुकवणं वेगळं.

९ मार्च

मुळात किती वेळा धुवायलाच हवेत, हा प्रश्न सगळ्यात आधी सोडवायला हवा. डोक्याची त्वचा तेलकट होते ती तैलग्रंथींमुळे, आणि ह्या ग्रंथी तान्हेपण सरल्यावर वयात येईपर्यंत बऱ्याच शांत असतात. म्हणून लहान मुलाचे केस आपल्यासारखे चिपचिपीत होत नाहीत. रोज शॅम्पूची गरज नाही, आठवड्यातून एकदा-दोनदा पुरतं, कुरळे कोरडे केस असतील तर त्याहून कमी चालतं. वाळूत लोळून आली तर नुसत्या पाण्याने निघते वाळू.

ताईला फोन करून हे सांगितलं तर ती दोन क्षण गप्प झाली आणि म्हणाली "म्हणजे मी एक दिवसाआड हे सगळं उगाच करतेय?" उगाच नाही गं ताई, आपल्याला तसंच शिकवलेलं असतं. पण नको असलेली गोष्ट निम्म्या वेळा करायची हे सगळ्यात सोपं पाऊल आहे, त्याला काही बनवावंही लागत नाही.

१३ मार्च

शॅम्पू बघितले. टीअर-फ्री, म्हणजे डोळ्यात झोंबत नाहीत म्हणून विकतात त्या मुलांच्या शॅम्पूत डोळा बधिर करणारं औषध असतं अशी एक अफवा ऐकली होती, ते खरं नाही. फरक फेस करणाऱ्या द्रव्यात असतो. नेहमीच्या शॅम्पूतली सोडियम लॉरिल सल्फेटसारखी द्रव्यं त्वचेला आणि डोळ्याला जास्त टोचतात, मुलांच्या शॅम्पूत कोकामिडोप्रोपिल बीटेनसारखी सौम्य द्रव्यं जास्त असतात आणि आम्लता अश्रूंच्या जवळ आणलेली असते. अश्रूंचा पीएच (आम्लतेचं माप) ७.४ च्या आसपास, मोठ्यांचे बरेच शॅम्पू त्याहून आम्लधर्मी. म्हणून मुलांचा शॅम्पू कमी झोंबतो. कमी झोंबतो, अजिबात नाही असं नाही, डोळ्यात नुसतं साधं पाणी गेलं तरी कसंतरी होतंच. तेव्हा "काही होत नाही" असं सांगणं आजपासून बंद. "गेलं तर थोडं चुरचुरेल, टॉवेल तुझ्या हातातच आहे" हे सांगायचं.

शॅम्पू थेट डोक्यावर ओतायचाही नाही, तळव्यावर थोड्या पाण्यात मोडून घ्यायचा आणि फक्त टाळूला लावायचा. धुताना ओघळणाऱ्या फेसाने केसांची टोकं आपोआप साफ होतात. कमी फेस म्हणजे कमी पाणी ओतायचं आणि ओतणं हाच सगळ्यात नको असलेला भाग.

१७ मार्च

पाणी ओतायचा मग बदलला. ऐकायला फालतू वाटेल पण हा बदल मोठा निघाला! जाड गोल कडेच्या मगातून हळू ओतलं की पाणी सरळ पडतच नाही, कडेला चिकटून मगाच्या बाहेरच्या अंगाने खाली येतं आणि नेमकं कपाळावर ठिबकतं (चहाच्या किटलीचं जे होतं तेच हे, भौतिकशास्त्रात त्याला टीपॉट इफेक्ट म्हणतात). ठिबकू नये म्हणून आपण जोरात ओतणार, जोरात ओतलं की मूल दचकणार. पातळ धारदार कडेचा स्टीलचा छोटा मग घेतला, हळू ओतलं तरी पाणी कडेपाशी सुटतं.

दुसरं म्हणजे पाणी त्वचेलाही तसंच चिकटतं, कपाळाच्या गोलाईने कानशिलाकडे वळतं आणि तिथून डोळ्याच्या कोपऱ्यात किंवा कानात. तर डावा हात कपाळावर केस सुरू होतात तिथे आडवा, करंगळीची बाजू घट्ट टेकवून, आणि मगाची कड केसांच्या अगदी जवळ, दोन बोटांवर, मागच्या दिशेने. वरून उंचावरून ओतायचंच नाही. हात टेकवायचा तो नीट दाबून, हलका ओझरता स्पर्श बऱ्याच मुलांना जास्त खुपतो.

२२ मार्च

फळी करायला घेतली. कल्पना अशी की लेकीने बसून डोकं मागे टाकायच्या ऐवजी आख्खी पाठ टेकून आडवं व्हायचं आणि फक्त केस मागे टबात सोडायचे. वॉटरप्रूफ प्लाय, लांबी ८० सेंटिमीटर, डोक्याकडची बाजू जमिनीपासून ४० वर, पायाकडची १२ वर, म्हणजे साधारण २० अंशाचा उतार, खाली टब सहज सरकतो. मानेच्या जागी इंग्रजी यू सारखी खाच, कडा घासून गोल केल्या, वर फोमची शीट आणि रेक्झिन. पायांना रबरी बूच. पट्टा वगैरे काही नाही, मुलाला बांधायचं नाही हे पक्कं.

डोकं खाचेतून लोंबकळता कामा नये, मान फार मागे मोडलेली चांगली नसते. खाचेत टॉवेलची वळकटी आणि डोक्याखाली माझा डावा हात, पूर्ण वेळ. मग कपाळावरचा हात कोण धरणार हा प्रश्न आलाच, त्यावर तोडगा म्हणजे कपाळावर घडी केलेला कोरडा छोटा टॉवेल, तिनेच दोन्ही हातांनी धरायचा.

२४ मार्च

कोरडी ट्रायल. पाणी नाही, बाथरूम नाही, बाहेरच्या खोलीत फळी ठेवली. आधी बाहुली झोपली, मग टेडी झोपला, मग बाबा झोपायला गेले तर पाय जमिनीवर, ती खूप हसली. स्वतः मात्र नाही. विचारलंही नाही मी.

ह्या घाई न करण्यामागे एक जुनं काम आहे. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलावर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. पीटर त्याच्या आवडीचं खात असताना ससा लांबून, पिंजऱ्यात, मग हळूहळू जवळ जवळ आणत गेले, आणि शेवटी तो सशाला हात लावायला लागला. भीती घालवायला मुलाला भीतीत ढकलायचं नसतं, ती गोष्ट त्याला झेपेल इतक्या अंतरावर ठेवायची आणि अंतर हळूहळू कमी करायचं. शंभर वर्षं झाली ह्याला आणि आपण अजून "एकदा रडू दे, सवय होईल" म्हणतो ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

२९ मार्च

आपण होऊन झोपली! टीव्ही बघता बघता फळीवर जाऊन पडली. पण लगेच खाली घसरली, २० अंशाचा उतार आणि गुळगुळीत रेक्झिन. उठली आणि म्हणाली "पाय कुठे ठेवू?"

हा प्रश्न माझ्या नकाशात नव्हता आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. पायाकडे आडवी पट्टी ठोकली, तळवे पूर्ण टेकतील इतकी उंच. परत झोपली, तळवे पट्टीला दाबले आणि बोटं सरळ. ६ तारखेला आत वळलेली तीच बोटं. पायाला जमीन मिळाली की अंग सैल पडतं. ज्यांच्याकडे फळी-बिळी नाही त्यांनीसुद्धा एवढं जरूर करावं, टबात बसलेल्या मुलाच्या पायाशी काहीतरी भक्कम ठेवा आणि बुडाखाली न घसरणारी मॅट.

२ एप्रिल

थांबायची खूण ठरवली. हात वर म्हणजे थांब, कारण ओल्या तोंडाने बोलता येत नाही. लहान मुलांचे दातांचे डॉक्टर हेच करतात, शिवाय त्यांच्याकडे "सांगा, दाखवा, मग करा" अशी पद्धत आहे, १९५९ मध्ये ॲडलस्टन ह्यांनी मांडलेली आणि अजून शिकवतात. आमच्याकडे: "आता पाणी मागच्या केसांवर येणार" (सांगितलं), तिच्या हातावर तेच पाणी ओतलं (दाखवलं), मग केसांवर.

खुणेला एकच अट, हात वर गेला की त्या क्षणी थांबायचं, अर्धा फेस डोक्यात असला तरी. सुरुवातीला सारखाच हात वर जात होता, उगाचच, मी खरंच थांबते का ते बघायला. दर वेळी थांबले. मग कमी झालं.

५ एप्रिल

मोजणी. एका मगाला दहा अंक, दहाला मग खाली. हे छान चाललं होतं, आज बाबांची पाळी होती आणि थोडाच फेस राहिला म्हणून त्यांनी नऊनंतर "सव्वानऊ, साडेनऊ, पावणेदहा" सुरू केलं. तिला अपूर्णांक येत नाहीत पण फसवणूक बरोब्बर कळते, उठून बसली आणि त्यानंतर फळीवर आडवी झाली नाही. त्यांच्याशी रात्री बोलले. केसात थोडा फेस राहिला तर ओल्या कपड्याने पुसता येतो. दहा म्हणजे दहा.

९ एप्रिल

पाण्याचं तापमान. थर्मामीटरने ३७-३८ अंश, म्हणजे अंगाइतकंच. बादलीतलं पाणी शेवटी शेवटी थंड होतं आणि शेवटचेच मग सगळ्यात जास्त रडवतात, हे आज थर्मामीटर लावला तेव्हा कळलं. डोक्याचं क्षेत्रफळ लहानपणी शरीराच्या मानाने फार मोठं असतं, तान्ह्या बाळात डोकं-मान मिळून साधारण १८ टक्के, मोठ्या माणसात ९, साडेतीन वर्षांचं मूल मधे कुठेतरी. ओलं डोकं वाऱ्याला लागलं की मुलाला आपल्यापेक्षा जास्त गार वाटतं ते म्हणूनच. दार लावून घ्यायचं, पंखा बंद, टॉवेल हाताशी.

गरम पाणी वेगळ्या बादलीत, मुलाच्या हाताच्या पल्ल्याबाहेर. ६० अंशाचं पाणी काही सेकंदांत भाजतं आणि मुलांची त्वचा पातळ असते. आणि धुवून झाल्या झाल्या बादल्या-टब सगळं रिकामं, थोड्याशा पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. फोन वाजला, बेल वाजली, काहीही झालं तरी मूल पाण्याजवळ एकटं सोडून जायचं नाही. ह्यात ढिलाई नको.

१४ एप्रिल

ताई आणि भाचा राहायला आलेत. त्याचं प्रकरण वेगळं. फळीवर तो आरामात झोपला, मागे झुकायची भीती नाहीच त्याला. त्याला नको असतं ते डोळे मिटणं आणि कान भरल्यावर येणारा तो घुमणारा आवाज. पोहण्याचा चश्मा दिला, तेवढ्याने अर्धं काम झालं, सगळं बघू शकतो म्हणून शांत. फेस थांबवणारी गोल टोपी पण आणली होती, ती कपाळाला आवळते म्हणून त्याने लगेच काढून टाकली, आणि कुरळ्या केसात ती नीट बसतही नाही, कानशिलापाशी गळते. काही मुलांना तीच आवडते, तेव्हा टोपी वाईट असं म्हणणार नाही, पण एकच वस्तू सगळ्यांना चालत नाही.

आवाजासाठी हातातला शॉवर आणि मग दोन्ही करून बघितलं. शॉवर लांब धरला की टाइल्सवर आवाज घुमतो आणि बारीक थेंब चेहऱ्यावर उडतात, त्याला ते टोचल्यासारखं होतं. तोच शॉवर धार कमी करून टाळूला टेकवून धरला तर आवाज जवळजवळ जातो आणि उडत काहीच नाही. मालिश केल्यासारखं हळूहळू फिरवायचा. हा शोध ताईचा, तिने सहज टेकवला आणि पोरगं म्हणालं "असंच कर". (कानाच्या पडद्यात ग्रोमेट म्हणजे बारीक नळी बसवलेली असेल तर पाण्याचं काय करायचं ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.)

१५ एप्रिल

कुरळ्या केसांसाठी: गुंता आधी, कोरड्या केसात काढायचा. ओला केस जास्त ताणला जातो आणि तुटतो, कारण केसातल्या प्रथिनांना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध पाण्याने सैल पडतात. फार कोरडे आणि घट्ट कुरळे असतील तर कंडिशनर लावून रुंद दातांचा कंगवा. दोन्हीकडे टोकापासून सुरू करून वर जायचं आणि मुळाशी केस मुठीत धरायचे म्हणजे ओढ टाळूपर्यंत पोचत नाही. भाच्याचे दात आवळणं बरंचसं ह्या ओढीचंच होतं, पाण्याशी त्याचा संबंध कमी.

२३ एप्रिल

लेक परत फळीवर. पहिला मग तिचा तिने ओतायचा असं ठरलं. दोन हातांनी धरून मागे ओतला, निम्मा माझ्या मांडीवर, पण अजिबात दचकली नाही, पापणीसुद्धा नाही. आपल्याला स्वतःच्या हाताने गुदगुल्या होत नाहीत त्याचंच हे भावंड. लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मेंदूचे स्कॅन करून दाखवलं की स्वतःच्या हालचालीने होणारा स्पर्श मेंदू आधीच ताडतो आणि त्याची धार कमी करतो. तर पहिलं पाणी तिचं. मग म्हणाली "आता तू". तोवर मी मग हातात घेत नाही.

छताला तिने काढलेलं चित्र चिकटवलंय, ते बघायला हनुवटी आपोआप वर जाते. "मान वर कर" म्हणायची गरज पडत नाही.

३० एप्रिल

साधा दिवस. मधेच एकदा हात वर, नाक पुसायला. विशेष काही नाही.

८ मे

तिला ताप येऊन गेल्यावर आजचं पहिलं धुणं, परत "नको" म्हणाली. जबरदस्ती नाही, ओल्या कपड्याने डोकं पुसलं आणि फळी बाहेरच्या खोलीत नेऊन बाहुलीपासून पुन्हा सुरू केलं. आजारपणानंतर मुलं दोन पायऱ्या मागे येतात, पायऱ्या त्याच असतात, फक्त चढणं लवकर होतं.

१९ मे

मला कामासाठी बाहेरगावी जायचंय, तेव्हा सासूबाई धुणार. त्यांना सगळं लिहून देणार होते पण लेकीनेच शिकवलं: "आजी, आधी पाय. मग टॉवेल माझ्याकडे. मग मी पाणी. मग तू. दहा झाले की थांबायचं, साडेनऊ नाही म्हणायचं." सासूबाई म्हणाल्या "आमच्या वेळी धरून बदाबदा ओतायचो गं," आणि तिने सांगितलं तसंच केलं, दहाला थांबल्या, पुढचं पाणी विचारून घातलं.

२४ मे

राहिलेली कामं. टॉवेलची वळकटी आतून दमट राहते आणि वास येतो, दोन करून आलटून पालटून वाळवायच्या. रेक्झिनच्या खाचेजवळ टाका उसवलाय, तिथून फोममध्ये पाणी जातंय, सिलिकॉन लावायचं. भाच्याचे गुडघे पट्टीपाशी वाकतात, ताईकडच्या फळीला पट्टी पुढेमागे सरकेल अशी भोकं पाडायची, लांबी ९५ ठेवायची. प्लाय कापून आणलाय.